राधानगरीचे पाच दरवाजे

आमच्या तालमीच्या दारात एक काळा फळा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटने 'दुःखद निधन' असं कायमचं रंगवलेलं. पेठेत कोणी गेलं की त्याखाली खडूने नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ लिहितात. पण देवाच्या कृपेने माणसं काही रोज मरत नाहीत, त्यामुळे फळा बहुतेक वेळा रिकामाच. बँकेतून निवृत्त झाल्यावर दूध आणायला जाता-येता तो माझ्या डोळ्यात खुपायला लागला. एक दिवस मी घरून खडू घेऊनच निघाले.

पहिल्या दिवशी लिहिलं, 'बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला.' वर 'दुःखद निधन' होतंच. गडहिंग्लजहून कोणाकडे तरी आलेले एक पावणे चपला काढून, हात जोडून फळ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी खालचं वाचलं, आणि चपला घालत मला विचारलं, "बटाटं महाग झालं म्हणून लावलाय व्हय हे?" दुसऱ्या दिवसापासून मी वरच्या अक्षरांवर जुन्या कॅलेंडरचा कोरा कागद लटकवायला लागले.

मग रोज काहीतरी. तूप शब्दाचं कन्नडशी असलेलं नातं, ऑक्टोपसची तीन हृदयं, जिराफाच्या मानेतली हाडं. कोणी गेलं असलं की त्या दिवशी माझी माहिती बंद. मेलेल्या माणसाच्या शेजारी जिराफ बरा दिसत नाही, एवढं मला कळतं.

गेल्या पावसाळ्यात तालमीच्या अध्यक्षाने मला दारातच गाठलं. माझ्या धाकट्या दिराचा हा वर्गमित्र, म्हणून मी त्याची वैनी.

"वैनी, फळा काढावा म्हणतोय. मयताचं निरोप आता मोबाईलवर येत्यात. तिथं साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बसतोय झकास."

"आणि माझी माहिती?"

"राग मानू नका, पण वाचतंय कोण?" तो म्हणाला. "रविवारी सांजच्याला बैठक हाय. कोण वाचतंय ते तिथं दाखवा, फळा ऱ्हाईल की."

मला संताप आला. हातातली दुधाची किटली त्याच्या डोक्यावर उपडी करावी इतका. पण घरी आल्यावर संताप ओसरला आणि भीती उरली. खरंच कोणी वाचत नसेल तर? इतक्या दिवसांत एकही माणूस 'छान लिहिलंय' म्हणाला नव्हता. दूधवाला गवळी फळ्याला पाठ लावून तंबाखू मळायचा, त्याच्या सदऱ्यावर माझी अर्धी माहिती उमटलेली असायची. बैठकीत मी कोणाला उभं करणार होते? त्या दोन-तीन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी भाकरी थापताना मला एकदम सुचलं. कोल्हापूरच्या माणसाला बरोबर माहिती दिली, तर तो 'बरं' म्हणून पुढे जातो. चुकीची दिली, तर तो कामधंदा सोडून भांडायला येतो. मी पिठाच्या हातानेच हसले.

रविवारी सकाळी ठळक अक्षरांत लिहिलं, 'राधानगरी धरणाला पाच स्वयंचलित दरवाजे आहेत.'

आता, हे दरवाजे सात आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि किती उघडले यावर पंचगंगा किती चढणार ते ठरतं. पोटच्या पोराचा वाढदिवस विसरणारा माणूसही इथं हा आकडा विसरत नाही. मी घरी आले, चहा टाकला आणि दार सताड उघडं ठेवून बसले.

चहा उतू जायच्या आत गवळी आला. "वैनी, कायतरी चुकलंया तुमचं." त्याच्यामागून मिसळवाला, हातात झारा तसाच. मग भाजीवाली मावशी, टोपली दारात टेकवून म्हणाली, "माझं म्हायार राधानगरी. मला शिकवतीस व्हय पाच?" कोणीतरी फळ्याचा फोटो मोबाईलवर फिरवला, तसा मलकापूरहून माझ्या नणंदेचा फोन आला, की तू आमची अब्रू घालवलीस. मी प्रत्येकाला गरीब तोंड करून म्हणत होते, "असं होय? मला वाटलं पाचच." आतून उकळ्या फुटत होत्या.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष आला. गाडी स्टँडवर न लावताच भिंतीला टेकवली आणि दारातूनच सुरू झाला, "वैनी, पाच न्हाईत, सात हाईत. तालमीची लाज काढली की तुम्ही. आणि काल जिराफाच्या मानेचं लिवलासा, तेबी मला पटलं न्हाय. आणि परवाचा तो ऑक्टोपस..."

तो तिथेच थांबला. माझ्या दारात उभी असलेली अर्धी पेठ त्याच्याकडे बघत होती.

गवळी आधी हसला, मग सगळे. अध्यक्षही हसला, काय करणार? संध्याकाळी बैठकीत फळ्याचा विषय निघालाच नाही. साहेबांचा फ्लेक्स पलीकडच्या गल्लीत गेला. अध्यक्षाने स्वतःच्या हाताने 'पाच' पुसून 'सात' लिहिलं आणि बोटांचा खडू पँटला पुसत मला हळूच विचारलं, "उद्या काय हाय फळ्यावर?"

मी म्हटलं, "सांगून काय उपयोग भावजी? वाचतंय कोण?"