मामेसासरे आणि हॅम्बुर्गचं कोर्ट

जगातलं कुठलंही भांडण, चूक कोणाची हे अजिबात न विचारता मिटवू शकणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मुलुंड पूर्वेला राहणारे हे माझे मामेसासरे परदेशी बोट कंपन्यांची कामं पाहणाऱ्या एका कचेरीत चौतीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. कुणाचा माल भिजला, कुणाचा सडला, कुणाचा भलत्याच बंदरावर उतरला, की त्याचा अर्ज मामांकडे यायचा. अर्ज ते वाचतच नसत. सोबतची माल चढवल्याची पावती पालथी करायची, मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर भिंग धरायचं आणि तंटा कुठल्या देशाच्या कोर्टात चालवायचा ते कलम शोधायचं. मग दोन ओळींचं उत्तर: आपली तक्रार मिळाली, कृपया हॅम्बुर्गच्या न्यायालयात दाद मागावी. कधी हॅम्बुर्ग, कधी लंडन, कधी ग्रीसमधलं पिरेयस. स्वतः मामा पश्चिमेला विलेपार्ल्याच्या पुढे फारसे गेले नाहीत. जुहूला चपलेत वाळू जाते, अशी त्यांची तक्रार होती.

निवृत्तीनंतर हा खाक्या घरी आला. त्यांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्यावर पाणी गळायला लागलं आणि दोन्ही कुटुंबं हमरीतुमरीवर आली. मामांनी कमिटीत विचारलं, पाणी सुटतं ती जागा धरायची की पडतं ती? त्यावरून बैठक वर घ्यायची की खाली हे ठरणार होतं. तीन रविवार एवढ्यावरच चर्चा झाली, आणि शेवटी वरच्यांनी कंटाळून प्लंबर बोलावला. माझ्या दोन मावससासूबाई एका लग्नावरून अबोला धरून बसल्या, तेव्हाही तसंच. लग्न बोरिवलीचं, टोमणा परतताना गाडीत मारलेला, आणि तो लागला अंधेरीला घरी पोचल्यावर. "टोमणा जिथे लागला तिथे ऐकायचं," मामांनी गंभीरपणे सांगितलं. "अंधेरी." दोघींना एकदमच हसू फुटलं. मामी तर सांगतात, की मुलगी पाहायला आले तेव्हा मामांनी मामींच्या वडिलांना विचारलं होतं, पुढेमागे वाद झाला तर माहेरी ऐकायचा की सासरी? वडिलांनी घाबरून "सासरी" म्हटलं आणि मामी ते अजून विसरलेल्या नाहीत.

मागच्या वर्षी मी माझ्या कॉलेजातल्या मित्राला, वर्सोव्याच्या हरेशला, त्यांच्याकडे घेऊन गेलो. हरेश कोळी. त्याच्या आईने आयुष्यभर अंधेरीच्या बाजारात मासळी विकली, आणि तिच्या टोपलीत शिळा मासा निघाला असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. हरेशने गोठवलेल्या कोळंबीचा पहिला कंटेनर स्पेनला पाठवला होता. माल थंड ठेवणारं कंटेनरचं यंत्र वाटेत कुठेतरी बंद पडलं, कोळंबी सडली, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाने आपल्या ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना कळवलं, की हा माणूस सडका माल भरतो. बोट कंपनीकडे तक्रार केली तर दोन ओळींचं पत्र आलं.

"मामा, बाकी काय नको मला," हरेश म्हणाला. "माल इथून झकास निघाला होता, एवढं कोणीतरी ऐकून घ्या ना."

मामांनी पत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर माझा मसुदा! कंपनी वेगळी, पण वाक्यं माझीच. कोणीतरी उचललाय." मग पावती पालथी करून विचारलं, "ही मागची बाजू वाचली होतीस?"

"मागे कोण वाचतो, मामा?"

"मी," मामा म्हणाले.

पण त्या दिवसापासून मामा आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. माल इथे भरला, पावती इथे दिली, कंटेनर लावणारे, तपासणारे सगळे साक्षीदार इथले, तेव्हा बोट कंपनीवरचा खटला मुंबईतच चालायला हवा, अशी वहीभर टिपणं त्यांनी हरेशच्या वकिलाला काढून दिली. तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून ते कोर्टात हजर असायचे. शेवटी निकाल लागला. पावतीवर 'फक्त हॅम्बुर्ग' असं लिहिलंय, ते तुम्ही मान्य केलंय, तेव्हा तिकडे जा. त्या 'फक्त'च्या जोरावर मामांनीच चौतीस वर्षं माणसं परत पाठवली होती, त्यामुळे त्यांना हे आधीच ठाऊक असावं.

"वाट लागली, मामा," हरेश बाहेर येऊन म्हणाला. "हॅम्बुर्गला मी कसा जाणार? आणि आईला काय सांगू? ती अजून बाजारात जात नाय, लोक विचारतील म्हणून."

 मामा आम्हा दोघांना घेऊन मुलुंडला आले, हरेशला गॅलरीतल्या आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसले. "काय झालं ते पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

हरेश दोन तास बोलला. कोळंबी कुठल्या बोटीची, कुठे धुतली, आईने गोठवण्याआधी स्वतः बसून एकेक कशी निवडली, कंटेनर बंद केला तेव्हा तापमानाचा आकडा उणे अठरा कसा होता. मामा मधूनच "मग?" म्हणायचे. दोनदा चहा आला आणि दोनदा गार झाला. मामांना कुणाचं असं ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझा माल चांगला होता," शेवटी मामा म्हणाले. "आईला सांग. चौतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाने सगळं ऐकून सांगितलंय म्हणावं."

हरेशने डोळे पुसले, मामांच्या पाया पडला आणि घाईघाईने निघाला. त्याला उजेड आहे तोवर वर्सोव्याला पोचून आईला हे सांगायचं होतं. मी चपला घालत होतो, तेवढ्यात मामांनी हाक मारली.

"जावईबापू, एवढ्या लोकांना मी तिकडे जा म्हणून लिहिलं. त्यातलं कोणी गेलं असेल का हो?"

"गेलं असेल की एखादं," मी म्हणालो.

मामांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. "मघापासून नावं आठवून बघतोय," ते म्हणाले. "एकाचंही आठवत नाही. जिथे पाठवलं ती गावं मात्र सगळी आठवतात."