कॉलरमधलं लेबल

"लेबल तुयं, शिलाई तुयी, मंग शर्टातला माणूस कोन?"

हवालदारानं एवढंच विचारलं, दुकानातून मोटरसायकलवर बसवून नेलं आणि मला ठाण्याच्या फरशीवर उताणं पाडलं. चोरीच्या जागी एक शर्ट सापडला होता, त्याच्या कॉलरमध्ये माझ्या दुकानाचं लेबल. मी टेलर. अकोट रस्त्यावरच्या आमच्या गावात अर्ध्या लोकांच्या अंगावर माझेच शर्ट. कोणाकोणाचं नाव सांगू? "साहेब, याद नाई," म्हणालो. दोघांनी पाय धरले. हवालदारानं तळव्यांवर पट्टा ओढला. फटके मोजायला मलाच लावलं. आकडा चुकला की परत एकपासून. चड्डी ओली झाली तेव्हा ते हसले. त्या हवालदाराच्या खाकीच्या कॉलरमध्येही माझंच लेबल होतं.

तिसऱ्या दिवशी चोर दुसरीकडेच सापडला. "जा घरी," म्हणाले. माफी? आमची कोण मागतो!

घरी सांगितलं, पायऱ्यांवरून पडलो. शरम मलाच. मारणाऱ्याला नाही, मला! दुकानासमोर मोटरसायकल थांबली की कात्री हातातून सुटायची. कापड तिरकं जायचं. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावताना घाम फुटायचा. मग मापं बायकोच घेऊ लागली. लोक कुजबुजले. तिनंच मला एसटीत बसवून अमरावतीला मनाच्या डॉक्टरणीकडे नेलं.

तिथेही माझं तेच, पडलो. मोटरसायकलचं बायकोनंच सांगितलं. दोन खेपा बाईंनी ऐकून घेतलं. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, "भाऊ, पडलेला माणूस पायऱ्यांना भितो. तुम्ही मोटरसायकलला का भिता?"

मी रडलो. लेकरासारखा, नाक पुसत. बायकोसमोर सगळं ओकलो, चड्डीचंसुद्धा. ती म्हणाली, "मले मालूम होतं. तुमच्या तोंडून आईकाचं होतं."

गोळ्या सुरू झाल्या. झोप थोडी आली, राग मात्र भरपूर आला. बाई म्हणाल्या, येऊ द्या.

पोळ्याच्या आठवड्यात तोच हवालदार दुकानात आला. काखेत खाकी कापड. चार गिऱ्हाइकं बसलेली. ते टेबलावर टाकून, काही घडलंच नाही असा हात पसरून उभा राहिला.

"घे माप. झालं गेलं सोड."

मी गळ्यातला टेप काढून मशीनवर ठेवला. मग बोललो.

"तुमचं माप नाई घेत."

"काहून?"

"तुमी मले ठाण्यात मारलं. मी मुतलो तवा तुमी हासले."

चारचौघांत पहिल्यांदाच बोललो. एकही गिऱ्हाईक हसलं नाही. तो कापड उचलून म्हणाला, "धंदा कसा करतं, पायतो."

करतो की! पुढच्या सोमवारी अकोल्याला एका वकीलबाईंकडे जाऊन त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. गावातले शहाणे सांगतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नको. वैर मी काढलं का? मी तर दुकानात काजं करत बसलो होतो.

भीती गेलेली नाही. खोटं कशाला बोलू? आजही रस्त्यात खाकी दिसली की मी गल्ली बदलतो. पण कोर्टाच्या तारखेला मी जाणार. तो समोर उभा असेल. कठडा घट्ट धरीन, आणि त्याचं पूर्ण नाव हुद्द्यासकट सांगीन.