साडेसदतीस भागिले चार

विश्रांतवाडीला घराजवळच शिवणाचा कोर्स निघाला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. दहावीला गणितात नापास झाले आणि शाळा सुटली ती सुटलीच. शिवणात कसलं आलंय गणित, अशा भाबड्या समजुतीने मी नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं: छातीचा चौथा भाग, अधिक दीड इंच. गळ्याची रुंदी, छातीचा बारावा भाग. हे तर गणितच निघालं!

घरातला मोठ्या बटणांचा साधा कॅल्क्युलेटर घेऊन मी वर्गात गेले. माप होतं साडेचौतीस. कागदावर लिहितो त्याच क्रमाने दाबत गेले: चौतीस, अधिक एक, भागिले दोन, भागिले चार. उत्तर आलं चार पॉइंट काहीतरी. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्यात दीड मिळवला, तेवढंच मोजलं, खाकी कागदावर आखलं आणि कापलं.

बाईंनी तो कागद दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

"माप बाईचं घेतलंत, ब्लाउज बाहुलीचा बेतलात."

वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाताना डोळे भरून आले. उद्यापासून जायचं नाही, असं ठरवूनच मी चपला काढल्या.

मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तो कॅल्क्युलेटर हातात घेतला.

"अगं आई, हा साधा आहे ना, त्याला पुढचं दिसत नाही. तू चौतीस अधिक एक दाबलंस, की हा पस्तीस करून मोकळा. मग तू पस्तिसाचे निम्मे केलेस आणि त्याचे चार भाग. आता माझा बघ."

तिच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर अपूर्णांकाचं वेगळं बटण होतं. चौतीस, ते बटण, एक, पुन्हा ते बटण, दोन. आकड्यांच्या मध्ये काटकोनासारखे बारीक कोपरे उमटले. चारने भागल्यावर पडद्यावर आलं: आठ, पाच, आठ.

"आठ पूर्णांक पाच अष्टमांश," ती म्हणाली.

मी टेप उलगडला. आठ इंच, आणि पुढच्या इंचाच्या आठ भागांतली पाचवी बारीक रेघ. शाळेत अपूर्णांक मला कधी दिसलाच नव्हता, नुसताच पाठ करायला लागायचा. आता तो माझ्या अंगठ्याच्या नखाखाली होता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले.

मुलीला तिचा कॅल्क्युलेटर कॉलेजात लागायचा, म्हणून बुधवार पेठेत जाऊन मी माझा घेतला. तो नव्या तऱ्हेचा निघाला. त्यावर अंश वर, छेद खाली आणि मध्ये आडवी रेघ, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी खूश. पण उत्तर आलं एकोणसत्तर अष्टमांश! हे टेपवर शोधायचं कुठे? मुलीने शिफ्ट दाबून आणखी एक बटण दाबलं, आणि एकोणसत्तर अष्टमांशाचे पुन्हा आठ पूर्णांक पाच अष्टमांश झाले.

"आणि कधी नुसतं पॉइंटमध्ये उत्तर आलं," तिने सांगितलं, "तर पॉइंटच्या पुढचं तेवढं ठेव आणि आठने गुण. जितके येतील तितक्या रेघा."

मी घरात दिसेल त्याचं माप घेऊ लागले. सासूबाई हौसेने उभ्या राहायच्या. नवरा म्हणाला, "माझं माप नको, जेवायला वाढ."

परीक्षा दुसऱ्या केंद्रावर होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझा कॅल्क्युलेटर पाहिला आणि मान हलवली. "सायंटिफिक चालणार नाही. साधा वापरायचा." त्यांनी टेबलाच्या खणातून एक साधा काढून माझ्यासमोर ठेवला.

मापासाठी एक बाई उभ्या केल्या होत्या; त्यांच्या छातीचं माप होतं साडेसदतीस. सदतीस अधिक एक केलं की हा अडतीस करणार, हे मला ठाऊक होतं. मग हे साडे टाकायचं कसं? मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिले, साडेसदतीस, साडेसदतीस. आणि एकदम लख्ख झालं. आपण आधी सदतीस म्हणतच नाही! आधी साडे, मग सदतीस. यंत्रालाही तसंच सांगायचं.

एक भागिले दोन, अधिक सदतीस, भागिले चार. नऊ पॉइंट तीन सात पाच. नऊ वजा केले, उरलेल्याला आठने गुणलं. तीन! नऊ इंच आणि तीन रेघा. त्यात दीड मिळवला: दहा इंच, सात रेघा. बारावा भाग काढला: तीन इंच, एक रेघ. मग माझी कात्री थांबलीच नाही.

शिवून झाल्यावर माप दिलेल्या बाईंनीच तो ब्लाउज घालून पाहिला. परीक्षकांनी बाहीच्या मुंढ्यात बोट फिरवलं, हात वर-खाली करायला लावले, पाठ पाहिली. कुठे चुणी नव्हती.

"साध्या कॅल्क्युलेटरवर साडेसदतीस कसे टाकलेत?"

"बोलतो तसे. आधी साडे, मग सदतीस."

त्यांनी स्वतः दाबून पाहिलं आणि मोठ्याने हसल्या. "खरंच की हो!"

मी केंद्रात पहिली आले. गणितात नापास झालेली मी! मुलीने मला गरागरा फिरवलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आमच्या बाईंनी मात्र निकाल वाचून चष्मा पुसला. "पुढच्या तुकडीला मापं तुम्हीच शिकवा. मला जरा निवांत चहा पिता येईल."

त्या तुकडीत कोणाकडे साधा होता, कोणाकडे कोपरेवाला, बहुतेकींकडे मोबाइल. मोबाइलला चौतीस अधिक एक भागिले दोन बरोबर कळतं, फक्त चारने भागण्याआधी 'बरोबर'चं बटण दाबावं लागतं. मी बाकांमधून फिरत एकेकीच्या हातातलं यंत्र घेत होते आणि त्याची रीत सांगत होते. कोणतंही यंत्र हातात आलं तरी मी अडले नाही. मागच्या बाकावरून एकजण ओरडली, "बाई, आलं! आठ इंच, पाच रेघा!"

बाई म्हणजे मी, हे कळायला मला एक क्षण लागला.