तानीचं नाव

राही आगिवले शहापूरच्या एका वाचनालयात पुस्तकं लावायचं आणि फाटलेली शिवायचं काम करते. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथली ती. नऊ वर्षांत तिने विज्ञानकथांचं कपाट दोनदा वाचून काढलं. त्या कथांमधली माणसं सूर्यमालेपलीकडे जात, पण त्यांत आगिवले, पारधी असं आडनाव कुणाचंच नसे. जंगलात राहणारे लोक मात्र असत. ते परक्या ग्रहावर असत आणि यान उतरलं की पाहुणे त्यांच्या नदीला नवं नाव देत.

एका मे महिन्यात राही तानीआत्याबरोबर टँकरच्या रांगेत उभी होती. खाली धरण दिसत होतं. तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि आत्याच्या वडिलांची भातखाचरं त्याच्याच तळाशी गेलीत. नदीला नवं नाव देणाऱ्या त्या गोष्टी राहीला तेव्हा पहिल्यांदा खुपल्या.

पावसाळाभर तिने कथा लिहिली. मंगळावर वसाहत आहे, वरच्या शहराला पाणी मिळतं, खालच्या वस्तीला नाही. पाण्याची मुख्य इंजिनिअर आहे तानी. ती एक दिवस वरच्या शहराची झडप बंद करते आणि सगळ्यांना बोलायला बसवते. कथा राहीने एका दिवाळी अंकाला पाठवली.

संपादकांचा फोन आला. आवाज प्रेमळ होता. "कथा छान आहे. फक्त नायिकेचं नाव तन्वी करूया. तानी म्हटलं की वाचकाला इंजिनिअर दिसत नाही. आणि पुढच्या वेळी तुमच्या पाड्यावरचं दुःख लिहा ना."

"साहेब, ही गोष्ट दोनशे वर्षांनंतरची आहे," राही म्हणाली. "तेव्हा पण आमी नाय दिसणार?"

"तसं नाही हो. पण अंक खपायला हवा."

तिने दोन दिवस मागून घेतले आणि शेवटी हो म्हणाली. आपलं काहीतरी छापून यावं, ही इच्छा जिंकली.

अंक आला तेव्हा तो घेऊन ती वाडीवर गेली. आत्या नाचणी पाखडत होती. राहीने कथा मोठ्याने वाचली आणि तन्वी आलं तिथे तानी म्हटलं. आत्याचं सूप थांबलं. शेवटी ती म्हणाली, "माजं नाव कुठं हाय? दाव गो."

कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. आत्याला वाचता येत नव्हतं. राहीने अंक मिटला.

"नाय छापलं, आते. त्यांनी बदलाया सांगितलं. मी हो म्हटलं."

 आत्या सूप उचलत म्हणाली, "म्हंजे तिकडं पण आमाला आत घेतलं नाय. न् दार तूच लावलंस."

राही उंबऱ्याशी बसून राहिली. 

त्यानंतर तिने चार कथा लिहिल्या. त्यांतली माणसं गोजर, भिमी, कोंडू अशा वाडीवरच्या नावांचीच आहेत. तीन कथा परत आल्या. चौथी कल्याणच्या एका छोट्या मासिकाने नावांसकट छापली. ती तिने आत्याला वाचून दाखवली. आत्याने ऐकली, आणि भिमीच्या यानात चूल कुठे मांडतात, एवढंच विचारलं.