फुकटच्या खेळाची हाक

दुपारी मेथी निवडत होते, तेवढ्यात अनिलच्या मोबाइलवर संदेश उजळला: ‘तुमची खूप आठवण येते. परत या, बक्षीस वाट पाहतंय.’

अनिल, माझा नवरा, पावसाळ्यात गेला. तो दोन ऑनलाइन खेळ खेळायचा. एकाला दरमहा वर्गणी होती. बँकेतलं खातं बंद केलं आणि तो खेळ मुकाट्याने मिटला. तेव्हा मला तो निष्ठुर वाटला होता. आता वाटतं, त्याला निदान निरोप घेता आला. फुकटच्या खेळाला माणूस सोडवत नाही. तो गेलेल्यालाही बोलावत राहतो.

काढूनच टाकावा म्हणून मी तो उघडला. अनिलचा योद्धा नदीकाठी ढाल घेऊन उभा होता. कुणा अनोळखी खेळाडूने लगेच लिहिलं, “दादा! कुठे होतात इतके दिवस?”

एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, “दादा गेले. मी त्यांची बायको.”

उत्तर आलं, “वहिनी, त्यांनीच मला खेळायला शिकवलं. थोडा वेळ थांबाल?”

त्याचा योद्धा अनिलच्या शेजारी येऊन बसला. बसायला कुठलं बटण दाबायचं, ते मी त्यालाच विचारलं आणि अनिलला खाली बसवलं.