तापीकाठची बंद मोटर

धुळ्याहून निघायलाच उशीर झाला आणि माझं डोकं फिरलं. तापमापकाची केबल रिळात अडकली होती, ती सोडवता सोडवता कालचा अख्खा दिवस आणि आजची सकाळ गेली. चोपड्याकडच्या केळीच्या शेतकऱ्याला, नानांना, मी फोनवर सांगितलं होतं, "मी येईपर्यंत शेतातल्या बोअरची मोटर बंद ठेवा." मोटर चालली की वरचं-खालचं पाणी एक होतं आणि जमिनीची खरी ऊब कळत नाही. पण मी पोचणार होते काल. आता त्यांचा फोन लागेना. भर मे महिना, आणि केळीला पाणी नाही!

अमळनेर मागे पडलं. तापीच्या पुलापाशी ड्रायव्हर चहाला थांबला, मी उतरलेच नाही. या काठाखाली नदीने आणून टाकलेल्या गाळाचे थर आहेत. ते गोधडीसारखे खालची उष्णता धरून ठेवतात, असा आमचा कयास. उनपदेवचे गरम झरेही जवळच. ही ऊब ऊर्जा म्हणून कामी येईल का, ते शोधत आम्ही वणवण फिरत होतो. पण उन्हाळ्यात मोटर बंद ठेवणार कोण?

नाना बांधावरच उभे होते.

"मोटर?" मी गाडीतूनच विचारलं.

"तुम्ही सांगेल व्हतं ना, मंग बंदच शे." (सांगितलं होतंत ना, मग बंदच आहे.)

मागे केळीची पानं मान टाकून लोंबत होती.

त्यांच्या घरच्या अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. "पहिले जेवी ल्या." (आधी जेवून घ्या.) मी उभ्याउभ्याच घास घेत केबल सोडली. आकडा चढत गेला, अपेक्षेपेक्षा वर. मला नाचावंसं वाटलं. पण एका नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरी उद्या सकाळी घ्यायची, तोवर मोटर बंदच हवी.

"आते चालू करू का?" नानांनी हळूच विचारलं. (आता चालू करू का?) अक्का केळीचं एक पान चाचपत राहिल्या.

"करा, नाना."

पुण्यात परतल्यावर ऑफिसात साहेबांनी विचारलं, "दुसरी नोंद?" नाही म्हटल्यावर त्यांनी ती बोअर पुढच्या अभ्यासाच्या यादीतून काढली. वाईट वाटलं, फार वाटलं. जागेवर बसवेना, म्हणून बाहेर येऊन नानांना फोन लावला.

"बठ्ठी केळी वाचनी, ताई," ते म्हणाले. (सगळी केळी वाचली.) "परत कधी येतस? मोटर बंद ठेवसू." (परत कधी येताय? मोटर बंद ठेवीन.)



"पावसाळ्यात येते, नाना. केळीला मोटर लागत नाही तेव्हा."