ढेपांसमोरचं पारडं

आमच्या आप्पांच्या एका अशिलाचं बेळगावात गुळाचं अडत दुकान होतं. तिथल्या तराजूच्या एका पारड्यात ढेपा आणि दुसऱ्यात मला बसवून माझं वजन केलं, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. हमाल हसले असते तर मी चार शब्द सुनावले असते. पण ते बिचारे माना खाली घालून उभे राहिले, आणि त्याचीच लाज मला आजही वाटते.

आप्पा वकील, शब्दाचे पक्के. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं, दिवाळीपर्यंत पोरगी वजनात उतरली नाही तर शाळा बंद. बाकावर बसून फुगलीय म्हणे! मला शाळेवाचून दुसरं काही सुचत नव्हतं. मला उतरवायचं काम कुणाकडं द्यायचं, यावर घरात बराच खल झाला. ड्रिलमास्तरांचं नाव निघालं, पण वाढत्या पोरीला परक्या पुरुषाच्या हवाली कसं करायचं म्हणून मागं पडलं. आईला कुणी विचारलंच नाही. शेवटी कारभार आक्काकडं आला. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आलेली, वाळून काडी झालेली. उपासातलं तिच्याइतकं कुणाला कळणार?

सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी. आक्का स्वतः घोटभर पाण्यावर राहायची. माझ्यासाठी मात्र तिचा जीव तुटायचा. मग माझ्यापुढं शेंगदाण्याचे लाडू, रताळ्याचा कीस, केळी, साईचं दूध. उपासाचं अंगी लागत नाही, अशी तिची खात्री. एकादशी दुप्पट खाशी, असं आमच्याकडं सगळेच हसत म्हणायचे, पण कुणाच्या डोक्यात उजेड पडेल तर शपथ.

दसऱ्याच्या सुमाराला मला परत पारड्यात बसवलं. ढेपांवर आणखी वजनं टाकावी लागली. त्यानंतर मी अन्नाला शिवेना, तशी आई घाबरली आणि मला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. आक्काही बरोबर होती. बाईंनी मला विचारलं, काय काय खातेस? आक्का सांगायला लागली.

"तुम्हाला नाही, तिला विचारतेय," बाई म्हणाल्या.

इतक्या महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी उपास बंद केले. सगळ्यांच्या ताटात जे असेल तेच हिच्या ताटात वाढा, शाळेला न्यायचा टांगा सोडा, चालत पाठवा, आणि नुसते हुकूम सोडू नका, घरातलं कुणीतरी हिच्याबरोबर चाला, असं त्यांनी बजावलं.

आप्पांना कोर्ट, आईला चूल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आक्का आईच्या चपला घालून उभी! देवळापलीकडं कधी पायी न गेलेली बाई टिळकवाडीतनं शाळेपर्यंत माझ्याबरोबर आली. लोक वळून बघायचे. ती पदर पुढं ओढून चालत राहायची. शाळा सुटली की न्यायला यायची आणि परत येताना आज काय शिकवलं ते मला विचारायची, कारण तिनं शाळा बघितलीच नव्हती.

दिवाळी आली आणि आप्पांनी तराजूचं नाव काढलं. भावापुढं कधी तोंड न उघडलेली आक्का मधे आली.

"मी जन्मभर उपाशी ऱ्हायले, माझं किती उतरलं ते कुणी बघितलं न्हाय. पोरगी आता ढेपांसमोर बसायची न्हाय. तोलायचंच असंल तर मला बसवा."

आप्पा खाली बघत राहिले. मग उठून आत गेले.

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी आक्का माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती.